मुरमातली जीप

१९ सप्टेंबर. रात्रभर पाऊस, सकाळी लख्ख ऊन.

आज ओढ्याकाठच्या आठ एकरांची वाटणी होती. पंचांत मीही होतो. सर्जेराव नवी जीप रस्त्यावर उभी करून रुबाबात बांधावर आले.

"माझ्या वाट्याची बाजू नुसता मुरूम आहे," ते म्हणाले. "तिला भाव कोण देणार? मला पाच एकर हवेत. वहिनींना तीन पुरे."

तीन एकरांत विधवा इंदुबाईंचं आणि त्यांच्या दोन मुलींचं भागणार नव्हतं. जमीन कशी आहे ते आम्हाला ठाऊक होतं, पण सर्जेरावांपुढे बोलायचं कोणी?

इंदुबाई म्हणाल्या, "चालेल, भाऊजी. फक्त पंच दमलेत. त्यांना जीपमधून तुमच्या बाजूच्या त्या लिंबापर्यंत सोडा, तिथून मोजून हद्दीची खूण रोवू."

"वेड लागलं का, वहिनी? रान भिजलंय. चाकं पार आसापर्यंत रुततील."

"मुरमात कुठं चाक रुततं, भाऊजी? रुततं ते काळ्या मातीत."

माझ्या शेजारचे तात्या आधी हसले, मग आम्ही सगळेच. सर्जेराव जीपकडे बघत राहिले.

दुपारी खूण मधोमध रोवली. इंदुबाईंना चार एकर, सर्जेरावांना चार.