आईच्या गाडीचं इंजिन

आईने जुनी ॲम्ब्युलन्स घेऊन तिची कॅम्पर व्हॅन केली. आत पलंग, शेगडी, दोनशे लिटरची पाण्याची टाकी. फक्त इंजिन बदलायचं राहिलं होतं, तेवढ्यात गॅरेजमध्ये मामा आला.

"दीडशे हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन टाका," तो म्हणाला. मामाचा शब्द आमच्याकडे आजोबांनीही कधी मोडला नव्हता.

मेकॅनिक मुबारकभाई हळूच म्हणाले, "ताई, ते पळेल जोरात. पण भरलेली गाडी घाटात थांबली तर जागची हलणार नाही. डिझेलची हॉर्सपॉवर कमी, पण टॉर्क जास्त, म्हणजे ओढायची ताकद."

"तुम्हाला कुणी विचारलं?" मामा म्हणाला.

आई शांतपणे म्हणाली, "दादा, तुझं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर कुणी चढवलं?"

"मार्केटच्या दोन हमालांनी."

"तुझे जावईबापू तर घरीच होते. मॅरेथॉनमध्ये पहिले आलेले."

"अगं, ते पळतात. ओझं त्यांना कसं झेपेल?"

"मुबारकभाई, हमाल बसवा."

मुबारकभाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. डिझेल इंजिन साखळीला लटकून गाडीकडे निघालं, आणि मामा आम्हाला टॉर्कचं महत्त्व समजावून सांगायला लागला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.