वाऱ्याकडं तोंड

घाटाखालच्या एका गावात भिवा नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. केतकी जर्मनीत गाड्यांचं शिक्षण घेऊन तिथं परतली आणि एका शेडमध्ये गाड्यांचं काम शिकवायला बसली. तिला वाटलं होतं, तरुण मंडळी शिकायला रांग लावतील. रांगेत एकटा भिवा होता. तोही दुधाचा टेम्पो बंद पडला म्हणून आला होता.

पण घाटाची वळणं भिवाला झोपेतही पाठ होती. केतकीनं त्याला शर्यतीच्या गाडीवर घेतलं.

शर्यत घाट चढायची होती. शेडचे मालक विश्रामकाकांनी केतकीला सांगून टाकलं होतं, "गाडी सगळ्यांच्या आधी पोचली तर शेड तुझी. नाहीतर सोमवारी कोंबड्या भरतो."

गाडी जोरकस होती. चढावर मात्र गिअरबॉक्सचं तेल तापायचं आणि गाडी मधेच बसायची. तेल थंड करणारा कूलर वेगळा बसवायला हवा होता. तो रेडिएटरच्या धाकट्या भावासारखा दिसतो.

"भिवा, पत्र्याच्या थरांचा घे," केतकी म्हणाली. "थर जास्त, तेवढं तेल थंड."

भिवा बाजारात गेला. सगळ्यात जास्त थरांचा कूलर खाणीवरच्या डंपरचा होता. तोच आणला. चौघांनी उचलून ठेवला. बॉनेट मिटेना.

"अरे, गाडीच्या तोंडात मावेल तेच आणायचं ना! आधी तोंड मापायचं."

"चुकलं ताई. पुढच्या वेळी मापतो."

त्यानं डंपरचा परत केला आणि मापून छोटा आणला. अगदी बरोबर होता. केतकी खूश झाली. मग तिनं त्याला गिअरबॉक्सचं तेल आणायला पाठवलं.

भिवानं तेल ओतायच्या नळीचं तोंड मापलं. शिलाई मशिनच्या तेलाची बाटली घेऊन आला. बोटाएवढी.

"हे काय?"

"तोंडात मावतंय, ताई." आणि बाटली नळीत घालूनही दाखवली. मग ती बाहेर येईना.

केतकीनं चिमट्यानं ती काढली. "कळत नसेल तर जाणत्या माणसाला विचारावं, भिवा. आपल्या गावात जाणती माणसं काय कमी आहेत?"

"विचारतो, ताई."

तेल तिनं स्वतः आणलं. मग भिवाला म्हणाली, "आता कूलर चांगला वारा लागेल अशा जागी बसव."

भिवा जाणत्या माणसाकडं गेला. वाऱ्यातलं सुंदरमावशीएवढं कुणाला कळणार? तिची वाळवणं दुपारपर्यंत कडक होत. "टेकाडावर ये," मावशी म्हणाली. केतकीला कूलर टेकाडावर सापडला. मिरगुंडांशेजारी, दोरीला बांधलेला.

"वाळला का गं?" मावशीनं विचारलं.

केतकीनं कूलर सोडून आणला आणि गाडीच्या जाळीमागं स्वतः बसवला. "बघ भिवा, वारा जिकडून येईल तिकडं तोंड हवं. बाकी सगळं विसर. एवढं विसरू नकोस."

"नाही विसरणार."

शर्यतीच्या दिवशी केतकी वर रेषेपाशी घड्याळ घेऊन उभी राहिली. काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते खाली शेडपाशीच खुर्ची टाकून बसले. गाड्या एकेक करून सोडत होते. वारा वरून खाली वाहत होता. भिवा निघाला. वळणामागून वळण असं काही घेतलं की लोक शिट्ट्या वाजवायला लागले. तेल थंड होतं. तोवरचा वेळ सगळ्यांत कमी होता. रेषा हाताच्या अंतरावर आली.

आणि वारा फिरला. खालून, खाडीकडून यायला लागला.

भिवानं ब्रेक दाबला. गाडी वळवली. तोंड वाऱ्याकडं केलं आणि आला तसाच सुसाट खाली गेला. वर येणाऱ्या गाडीला जाता जाता नमस्कारही केला.

काका खुर्चीतून उठले. "काय रे, पहिला आलास?"

"हो काका. माझ्या आधी खाली कुणीच नाही आलं."

"तेल?"

"थंड आहे. हात लावून बघा."

काकांनी हात लावून बघितलं. शब्दाचे पक्के होते. शेडची किल्ली त्यांनी तिथल्या तिथं भिवाच्या हातात ठेवली आणि गुडघ्यांना तेल लावून झोपले.

भिवानं आणून दिलेल्या किल्लीकडं केतकी रात्रभर बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठरवलं: काकांना सगळं खरं सांगायचं. आणि स्वतः जाऊन सांगायचं, भिवाला पाठवायचं नाही.