शेपटीनं थापलेली भाकरी

रानात नुकता टीव्ही आला होता, तेव्हाची गोष्ट. दाखवायला काहीच सुचेना, म्हणून कोल्ह्यानं ‘शेपटीनं भाकरी थापा’ अशी स्पर्धा काढली आणि लोक विसरलेले नामवंत गोळा केले. पिसं झडलेला मोर आला, दात पडलेला वाघ आला. एके काळी गावोगाव गाजलेल्या म्हाताऱ्या नंदीबैलापुढे कोल्ह्यानं ढोलकं गुबुगुबु वाजवून विचारलं, “येणार ना?” ढोलकं वाजलं की मान डोलवायची, ही नंदीची जन्माची सवय. त्यानं डोलावली.

स्पर्धेत नंदीची भाकरी शेपटीलाच चिकटली. प्रेक्षक लोळून हसले. कोल्ह्याला आणखी चेव आला. त्यानं पुन्हा गुबुगुबु केलं. “नंदीबुवा, तुम्हाला आता कुत्रंही विचारत नाही, खरं ना?”

नंदीनं मान डोलावली.

तेवढ्यात एक म्हातारी शेळी पुढे आली आणि त्याच्या शेपटीचं पीठ पुसू लागली.

“नंदीबाबा, लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं, हरवलेली आई सापडेल का? तुम्ही हो म्हणालात. आई नाही सापडली. पण तेवढ्या ‘हो’वर मी तग धरला. चला, माझ्या गोठ्यात येता?”

ढोलकं कुणीच वाजवलं नव्हतं. तरी नंदीनं मान डोलावली.