उभ्यानं खुरपा!

“वाकता कशाला मग?” ग्रामसभेत सहादूशेठ गरजले. “वाकलेली बाई बिबट्याला शेळी वाटते. उभ्यानं खुरपा!”

बायकांच्या कांद्याला खेटूनच शेठचा ऊस होता आणि उसात पिल्लांसकट बिबट्याची मादी. वनरक्षक म्हणाला होता, तिला हुसकू नका. बांधालगतचा दहा फूट ऊस काढा, म्हणजे ती येताना दिसेल.

“माझ्या उसाचं एक टिपरूही हलणार नाही. बायांनी वाकायचं नाही, हाच नियम!”

ठकाबाईनं पदर खोचला. दरसाल शेठचा ऊस याच बायका तोडत, आणि तोड महिन्यावर आली होती.

“बरं शेठ, नियम तो नियम,” ती म्हणाली. “तुमचा ऊसही आम्ही उभ्यानंच तोडू, कमरेवरनं; बुडख्यातली गोडी राहील तुमच्या वावरात.”