कोंडाबाईचा दोन हजार वर्षांचा रांजण

नदीकाठच्या एका गावात कोंडाबाई नावाची कुंभारीण राहायची. बाई मनाने निर्मळ, पण आपल्या हाताचा तिला भारी तोरा! कुणी रांजण उलटासुलटा करून बघू लागलं, की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बघ बाबा, नीट बघ. चीर सापडली तर फुकट घेऊन जा." आता कोंडाबाईच्या रांजणाला चीर कुठून सापडणार?

तिची एक रीत होती. रांजण थापटून झाला, की माती ओली असतानाच ती गळ्याच्या आतल्या बाजूला आपली चार बोटं दाबायची. लेकराला बाहेर पाठवताना आई तीट लावते ना, तसंच काहीसं. ही खूण बाहेरून कुणाला दिसायची नाही.

तिच्याकडे एक व्यापारी यायचा. त्याला साधे माठ नको असायचे. "कोंडाबाई, जुन्या घडणीचे रांजण करा," तो म्हणायचा. "काळं तोंड, तांबडं पोट, गारगोटीने घोटून चकचकीत केलेले. शहरातल्या लोकांना शोभेला लागतात." दर हंगामात तो गाडीभर माल उचलायचा आणि पैसे रोख द्यायचा. त्याच्यावरच कोंडाबाईचं घर चालायचं. पुढे त्या रांजणांचं काय होतं, हे काही तिने कधी विचारलं नाही.

एकदा ती बाजारासाठी शहरात गेली, तर चौकातल्या वाड्याच्या मोठ्या दिवाणखान्यात ही गर्दी! पुराण्या वस्तूंचा लिलाव चालला होता. त्या शहरातल्या एका सरदाराला पुराणी भांडी जमवायचा नाद होता. खापराचा तुकडा निघाला असं कानावर आलं, तरी स्वारी जेवणाचं ताट सोडून धावायची. तो अर्थातच पहिल्या रांगेत बसला होता. कोंडाबाई बायकांच्या घोळक्यात शिरली, टाचा उंचावून पुढे बघते तो काय, मखमलीवर तिचाच रांजण!

बिचारा पार मळला होता. खाऱ्या जमिनीत पुरून ठेवल्यामुळे त्याच्या अंगावर पांढुरके डाग पडले होते. पण पोर चिखलात लोळून आलं म्हणून आई त्याला ओळखत नाही होय?

"दोन हजार वर्षांपूर्वीचा रांजण!" पुकारणारा ओरडला. पन्नास मोहरांपासून बोली निघाली, ती शंभरावर गेली, दीडशेवर गेली. कोंडाबाईची छाती अशी फुगली म्हणता! शेजारच्या बाईला कोपर मारून ती म्हणाली, "बघितलंस? घाट बघ त्याचा, घाट!"

तेवढ्यात तो रांजण विकायला आणलेल्या तिच्या व्यापाऱ्याची नजर तिच्यावर पडली आणि त्याचं तोंड उतरलं. गर्दीतून वाट काढत तो तिच्या मागे येऊन कुजबुजला, "कोंडाबाई, पाया पडतो, आज गप्प राहा. येतील त्यातल्या निम्म्या मोहरा तुमच्या. आणि बोललात, तर तुमच्या दारात पुन्हा माझी गाडी येणार नाही."

कोंडाबाई मनात हिशेब करू लागली. भट्टीवरचं छप्पर मोडलं होतं. गाडी बंद झाली तर खायचं काय? "घेणारा सरदार आहे, त्याला काय कमी पडतंय?" असं ती मनाशी म्हणाली. खरं सांगायचं तर ती गप्प बसलीही असती.

पण सरदारासाठी जुनी भांडी पारखणारे पंडित उठले. त्यांनी रांजणाच्या गळ्यात दिवा धरला आणि आत बघून ते डोलायलाच लागले. "सरकार, आत चार बोटांचे ठसे आहेत! करंगळी वाकडी आहे. कुणी थोर कारागीर असला पाहिजे. असा हात आता उरला नाही हो! आताचे कुंभार म्हणजे नुसते चिखल थापणारे."

"तीनशे मोहरा!" सरदार ओरडला.

"तीनशे एक वार," पुकारणारा म्हणाला, "तीनशे दोन वार..."

"कोण म्हणतो हात उरला नाही?" कोंडाबाईचा आवाज दिवाणखान्यात घुमला. "हा काय हात! रांजण माझा आहे. दोन वर्षांपूर्वी मी घडवलाय."

सगळे वळून बघायला लागले. कुणी हसलं, कुणी "बाहेर काढा हिला" म्हणालं. कोंडाबाई मात्र पदर खोचून थेट पुढे गेली. लहानपणी उखळात सापडून तिची करंगळी वाकडी झाली होती, ती तिने सगळ्यांना दाखवली.

"मग घाला हात आत," पंडित म्हणाले. "बोटं ठशांत बसली तर मानू."

कोंडाबाईने हात घातला. बोटं काही बसेनात! ठसे लहान आणि बोटं मोठी. व्यापाऱ्याच्या जिवात जीव आला. "खोटारडी बाई!" तो म्हणाला. पंडितांनी आपली नाजूक बोटं आत घातली, तर करंगळी सोडून बाकीची तीन अलगद बसली.

"बघा!" पंडित म्हणाले.

"बघितलं की," कोंडाबाई म्हणाली. "म्हणजे रांजण तुम्ही घडवलात म्हणायचा का?"

लोक खदखदून हसले. पंडितांचा चेहरा गोरामोरा झाला.

"अहो पंडितजी, उभा जन्म मडकी पारखण्यात गेला तुमचा, पण एक तरी मडकं भाजलंत का?" कोंडाबाई म्हणाली. "माती सुकताना आकसते. भट्टीतून निघते ती आणखी आकसून. माझी बोटं बरोब्बर बसली असती, तर तो रांजण माझा नसता. ओली माती आणा. तिच्यावर माझी बोटं उमटवून घ्या आणि सरकारांचा शिक्काही मारा, म्हणजे बदलली म्हणायला नको. दहा दिवसांनी बघू."

सरदाराला गंमत वाटली. लिलाव थांबला. माती आली, कोंडाबाईने बोटं दाबली, शेजारी शिक्का उमटला. दहा दिवसांत माती सुकली, भाजून निघाली आणि दिवाणखाना पुन्हा गच्च भरला. कोंडाबाईने आपल्याच ठशांवर बोटं ठेवली. बसेनात! मग पंडितांनी दोरा घेऊन नवे ठसे मोजले, रांजणातले मोजले. सगळे दोऱ्याला दोरा जुळले, वाकडी करंगळीसुद्धा. व्यापाऱ्याला शोधायला माणसं धावली, पण तो आदल्याच दिवशी पसार झाला होता.

पंडितांनी मान खाली घातली. मग दिवाणखान्यात सगळ्यांसमोर हात जोडून ते म्हणाले, "बाई, चुकलो. हात उरला आहे."

सरदाराने रांजणाच्या पोटावरून हात फिरवला. "बाई," तो म्हणाला, "मी तीनशे मोहरांची बोली लावली ती पुराण्या रांजणावर. हा तर नवा निघाला. आता याची किंमत तुम्हीच सांगा."

"तीनशे मोहरा," कोंडाबाई म्हणाली.

"अबब!" लोक म्हणाले.

"अहो, पण याला वय कुठे आहे?" सरदाराने विचारलं.

"सरकार, डोळ्यांना घडण आवडली म्हणूनच बोली लावलीत ना? घडण तीच आहे. आणि वयच हवं असेल, तर जपून ठेवा. कोंडाबाईच्या हातचा आहे, दोन हजार वर्षं सहज टिकेल."

सरदार आधी हसला, मग हसता हसता गंभीर झाला. त्याने तीनशे मोहरा मोजून दिल्या. त्याच्या दालनात शेकडो भांडी होती आणि प्रत्येकाखालच्या पाटीवर वय लिहिलेलं होतं. कोंडाबाईच्या रांजणाखाली पहिल्यांदाच एक नाव लागलं: "घडवणारी, कोंडाबाई."

व्यापाऱ्याची गाडी पुन्हा कधी आली नाही. पण ती पाटी वाचून लोक पत्ता विचारत गावात येऊ लागले, आणि कोंडाबाई कमरेवर हात ठेवून त्यांना म्हणायची, "बघा, नीट बघा."

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: ज्याला आपल्या हातच्या कामाचा खरा अभिमान असतो, तो ते काम दुसऱ्याच्या नावावर खपू देत नाही, मग त्यात कितीही फायदा असो.