पलीकडचा देश ‘कारा’ कसा झाला

जपानच्या पश्चिम समुद्रात एका लहानशा बेटाच्या उत्तर टोकाला योबिउरा नावाचं कोळ्यांचं गाव आहे. योबिउरा म्हणजे हाकेची खाडी. गावापुढे एक काळा, सपाट खडक पाण्यात शिरलेला आहे. दर शरदात एका सकाळी गावातल्या बायका त्यावर जमतात, समुद्राकडे तोंड करून तीनदा ‘कारा!’ अशी हाक मारतात आणि मुकाट्याने घरी जातात.

पाहुण्यांना ही हकिगत तोकिएबाई सांगतात. वय अठ्ठ्याहत्तर, सगळा जन्म समुद्रात बुड्या मारून शिंपले काढण्यात गेलेला. “पंडितांचं म्हणणं निराळं आहे,” हे त्या आधीच सांगून टाकतात. “पलीकडे कारा नावाचं छोटं राज्य होतं, व्यापारातून नाव इकडे आलं आणि पसरलं, असं ते म्हणतात. असेलही. गाव सांगतं ते हे.”

फार पूर्वी पलीकडच्या किनाऱ्यावर लोखंड गाळणाऱ्यांचं एक राज्य होतं म्हणे. शेजारच्या शिरागी राज्याच्या सैन्याने एका हंगामात ते गिळलं. योबिउरात कुणाला त्याची गंधवार्ताही नव्हती. इथे निराळंच दुःख होतं. दोन वर्षांपूर्वी एक अनोळखी होडी आली होती. गावाने त्या माणसांना पाणी पाजलं आणि त्यांनी गाव जाळलं. गावच्या मुखियाची, इवामारोची, बायको आणि दोन मुलगे त्यात गेले. उरली एक मुलगी, इसोमे. तेव्हापासून इवामारोने नियम घातला होता: जो आपल्या देशाचं नाव सांगणार नाही, त्याची होडी किनाऱ्याला लागू द्यायची नाही.

शरदातल्या एका दुपारी होडी दिसली. शीड फाटलेलं, वल्ही दोनच. पुढे एक बाई उभी होती. गावचे पुरुष भाले घेऊन खडकावर धावले.

“कुठले तुम्ही?” इवामारो ओरडला.

बाईला भाषा येत नव्हती, पण प्रश्न कळला असावा. ती ओरडली, “कारा!”

जपानी भाषेत कारा म्हणजे रिकामं. माणसं चपापली. काय रिकामं? होडी? की जिथून हे आले ती जागाच? कुणीतरी पुटपुटलं, “माणसं नाहीत ही.” बाईने छातीवर हात ठेवून पुन्हा हाक दिली, “कारा! कारा!”

इसोमे तेव्हा जवळच बुडी मारत होती. तिने होडीचा काठ धरून आत पाहिलं. चटयांखाली नऊ जण पडले होते. ओठ फाटलेले. एक तान्हं मूल म्हाताऱ्याचं बोट चोखत होतं.

“बाबा, रिकामी नाहीये! लेकरं आहेत! पाणी पाहिजे यांना!”

“मागच्यांनाही पाणीच पाहिजे होतं,” इवामारो म्हणाला आणि लांब बांबू लावून त्याने होडी लोटली.

बाईने बांबूचं टोक दोन्ही हातांनी धरलं. ती सोडेना, हा मागे घेईना. मग आणखी दोघांनी जोर लावला आणि तिचे हात निसटले.

पाण्याच्या ओढीने होडी पूर्वेच्या खडकांवर नेली. सूर्य मावळायच्या आत, सगळ्या गावादेखत ती फुटली. इसोमे पोहत गेली. अकरा बुड्या मारल्या तिने, असं सांगतात. नऊही जणांना वर आणलं, पण एकाचाही श्वास चालू नव्हता. जिवंत सापडली ती एकटी बाईच.

ती नऊ दिवस इवामारोच्या घरी होती. अन्नाला शिवत नसे. रोज सकाळी सरपटत त्या खडकावर जाई आणि धुक्याकडे पाहत तोच एक शब्द म्हणत राही. ही आपल्या घरांना रिकामं होण्याचा शाप देते आहे, असं वाटून बायका कानांवर हात ठेवत.

नवव्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला आणि धुकं हटलं. पलीकडचे निळे डोंगर स्पष्ट दिसले. बाईने इवामारोचं मनगट धरलं, त्याच्या आधाराने उभी राहिली आणि डोंगरांकडे बोट केलं. “कारा.” मग स्वतःकडे. “कारा.” मग वाळूतल्या नऊ उंचवट्यांकडे, एकेकावर थांबत, “कारा. कारा. कारा...”

तेव्हा इवामारोला कळलं. नियमाप्रमाणे तिने देशाचं नाव सांगितलं होतं. पहिल्याच हाकेला सांगितलं होतं.

तो वाळूत बसला आणि गुरासारखा हंबरून रडला. बाई संध्याकाळी वारली. तिचं स्वतःचं नाव काय होतं, ते कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इवामारोने गाव खडकावर जमवलं. “आता ते नाव घ्यायला तिकडे कुणी उरलं नसेल,” तो म्हणाला. “दर वर्षी आपण घ्यायचं. आणि पलीकडून जो येईल त्याला काही विचारायचं नाही. तो कारा.”

बऱ्याच वर्षांनी, शिरागीने कारा गिळल्याचं खलाशांकडून गावाला कळल्यानंतर, एक गलबत पूर्वेच्या त्याच खडकांवर आपटलं. बुडणाऱ्यांच्या अंगावर शिरागीच्या सैनिकांचं चिलखत होतं. गावचे तरुण थबकले. “यांनीच कारा बुडवलं!”

इवामारोला तोवर दिसेनासं झालं होतं. इसोमे कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. “बाबा, काय करू?”

“कुठले म्हणतात?”

“काही म्हणत नाहीत. बुडताहेत.”

“मग कारा,” म्हातारा म्हणाला आणि आवाजाच्या दिशेने स्वतःच पाण्यात शिरला.

इसोमेने चार सैनिक बाहेर काढले. बाप तिला सापडला नाही.

त्या चौघांनाही गावाने काराच म्हटलं. खलाशांनी तो शब्द बंदरोबंदरी नेला. आधी समोरचा सगळा किनारा, मग त्याच्याही पलीकडचा चीन, सगळं कारा झालं. परदेशी वेलबुट्टीला काराकुसा आणि नक्षीच्या कागदाला काराकामी म्हणतात, ते त्यातूनच, असं तोकिएबाई सांगतात.

आजही योबिउराच्या समुद्रात अनोळखी होडी अडचणीत दिसली, तर कुठले म्हणून कुणी विचारत नाही. आधी पाण्यात उतरतात.