येसूने कोरलेली मुळाक्षरे

चपला इथेच काढा आणि कातळावर या. सावकाश हं, बोटे फिरून फिरून दगड गुळगुळीत झालाय. ही खोदलेली अक्षरे दिसतात ना, अ, आ, इ, ई, पार त्या उंबरापर्यंत? आमच्या लिंबेवाडीत मुलाच्या हाती पहिल्यांदा अक्षर द्यायचे झाले की दसऱ्याला त्याला इथे आणतात. आई तांब्याने खाचेत पाणी ओतते आणि मूल ओल्या बोटाने अ गिरवते. पाटी-वही त्यानंतर. असे का, ते जुनी माणसे सांगत आली तसेच सांगतो.

फार वर्षांपूर्वी इथल्या महादेवाचे पुजारी नागो गुरव देवळाच्या मंडपात मुलांना शिकवत. सगळे गाव त्यांना तात्या म्हणे. तेव्हा पोरांना कागद कुठला! लाकडी पाटावर बारीक धूळ पसरायची, वर तात्यांनी एक अक्षर काढायचे आणि मुलाने त्याखाली बोटाने तेच काढायचे. चाळीस वर्षे त्यांनी असे शिकवले. कुणावर हात उगारला म्हणून कुणी सांगत नाही. मग म्हातारपणी तोच उजवा हात कापू लागला. पाणी पिताना भांडे दोन्ही हातांनी धरावे लागे.

अशी पाच-सहा वर्षे गेली. पाटलांचा मुलगा हैबती पेठेत लिखापढीच्या कामाला म्हणून गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. तिथल्या मुनिमाने त्याचे अक्षर पाहून विचारले होते म्हणे, "ताप आहे का रे तुला?"

पाटील तडक मंडपात आले. त्यांनी तात्यांना एकेका पाटापाशी नेले. सतरा मुले, सतरा पाट. प्रत्येक पाटावरचे अक्षर थरथरलेले. मुलांचे हात धड होते. गुरूने काढले तसे ती काढत होती, अगदी इमानाने.

आपला हात कापतो हे तात्यांना ठाऊक होते. मुलांनी तो कंप उचललाय, हे ठाऊक नव्हते. "पाटील, दुसरा पंतोजी बघा," एवढेच ते बोलले. मुलांना घरी पाठवून त्यांनी सगळे पाट आपल्या हाताने धुतले आणि भिंतीला उभे करून ठेवले.

त्या दिवसांत येसू टाकारीण गावात मुक्कामाला होती. टाकारी म्हणजे गावोगाव फिरून जाती, पाटे-वरवंटे टाकीने, म्हणजे छिन्नीने, टोचून खरखरीत करून देणारी माणसे. नवरा वारलेला, सोबत सहा वर्षांची चिमा. आई कामावर गेली की चिमा मंडपात जाऊन बसे, आणि तात्यांनी तिलाही एक पाट दिला होता. मंडप बंद झाल्यावर एका सकाळी येसूने पाहिले, पोरगी जात्याभोवती सांडलेल्या पिठात अक्षर काढतेय आणि मुद्दाम बोट थरथरवतेय.

"अगं, बोट का हलवतीस?"

"तात्यांचं अक्षर असंच असतंय, आये."

येसू हातातली टाकी तशीच घेऊन तात्यांच्या दारात गेली.

"तात्या, तुमी कातळावर अक्षरं काढा. मी खोदते. पोरं त्यातनं बोट फिरवतील."

"बाई, धुळीत सरळ येईना, दगडावर कसं येईल?"

"कापलंय तेवढं मी सोडून देते. मला अक्षर कळत न्हाई. कुठलं वळण अक्षराचं नि कुठलं तुमच्या हाताचं, तेवढं सांगा."

तात्या आत गेले. मग गेरूची वाटी घेऊन बाहेर आले.

टाकारी एका गावात पंधरा दिवसांवर राहत नाहीत. तिचे भाऊबंद पुढच्या गावाला निघाले, पण सगळी अक्षरे झाल्याशिवाय हलणार नाही, असा शब्द येसूने महादेवाला दिला होता. सकाळी जाती, दुपारनंतर कातळ. तात्या गेरूने अक्षर काढत, येसू त्यावर बोट ठेवून विचारी, "ह्ये खरं?" तात्या म्हणत, "नाही, तो मी." मग ती तेवढे टाळून खोदी. असे चार महिने चालले, आणि तेवढ्या काळात तिच्या टाकीला एकदाही धार लावावी लागली नाही, असे सांगतात. मला विचाराल तर लावली असेल. गावात लोहार होता.

वीसेक अक्षरांनंतर येसू विचारीनाशी झाली. तिला आपोआप कळू लागले होते. एकदा पाटील आले, वाकून क च्या पोटातून बोट फिरवले आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी नव्या पंतोजींना निरोप गेला, येऊ नका.

शेवटचा ज्ञ राहिला तेव्हा तात्यांना उठवत नव्हते. मुलांनी त्यांना बाजेसकट इथवर आणले. त्यांनी आडवे होऊनच ज्ञ काढला. इतके कापरे अक्षर त्यांनी आधी कधी काढले नव्हते. त्याच आठवड्यात तात्या गेले.

येसू टाकी घेऊन बसली. आता तिला अक्षराचे वळण कळत होते, सरळ करणे अवघड नव्हते. पण गेरूची रेघ जशी होती तशीच ती खोदत गेली.

चिमा म्हणाली, "आये, ह्ये वाकडं व्हतंय."

"असू दे," येसू म्हणाली. "ह्ये अक्षर त्यांचं हाय."

दुसऱ्या दिवशी मायलेकी गाव सोडून गेल्या. पुढे कुठे गेल्या, कुणालाच ठाऊक नाही.

आजही आमच्या गावची मुले सगळी अक्षरे घोटीव काढतात आणि ज्ञ आला की हात कापवतात. नवे मास्तर आले की पहिले वर्षभर लाल शाईने दुरुस्त करतात, मग सोडून देतात. माझे नाव ज्ञानू. परवा टपाल कचेरीत सही केली तेव्हा तिथल्या पोरीने काळजीने विचारले, "आजोबा, हात कापतो का तुमचा?"

म्हटले, "नाही बाळ. माझा नाही."